सांगून आलेल्या नोकऱ्या

‘सांगून येणे’ हा शब्दप्रयोग आपल्या घरांत पूर्वी बहुधा एकाच गोष्टीसाठी राखलेला असे. स्थळ सांगून येई. आपण न मागता, न विचारता कुणी मध्यस्थ सोप्यात येऊन बसे, चहा होई, पाऊसपाण्याची चौकशी होई आणि मग तो खिशातून हळूच टिपण काढी. नोकरी मात्र कधी सांगून येत नसे. तिच्यासाठी अर्ज लिहावे लागत, दाखल्यांच्या नकला साक्षांकित करून घ्याव्या लागत, ‘तरुण भारत’मधील जाहिरात कापून ठेवावी लागे आणि शेवटी कुणाच्या तरी दारी उभे राहावे लागे. १ नोव्हेंबर १९५६ नंतर तर अर्ज कोणत्या भाषेत लिहावा येथपासून आपल्याला विचार करावा लागला, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको. अशा घरांत आता नोकऱ्या सांगून येऊ लागल्या आहेत. त्या रोज येतात, जेवणाच्या वेळी येतात, एकादशी-संकष्टी पाहत नाहीत. त्यांना उत्तर द्यावे की देऊ नये आणि द्यावे तर काय द्यावे, हा प्रश्न आमच्या वडगावच्या घरात पुष्कळ दिवस घोळत होता. त्याचा निकाल आम्ही कसा लावला, ते येथे सांगावयाचे आहे.

घरात संगणकाच्या व्यवसायातील माणसे दोन, आमचा पुतण्या आणि आमची सून. दोघांचेही शिक्षण इथलेच. १९७९ साली गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले, १९९८ साली विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्य ठाणे बेळगावात आले, आणि तेव्हापासून अभियंते या गावाने घडवायचे व पुण्या-बेंगळुरूने ते न्यायचे, अशी वाटणीच होऊन गेली. एका बाजूला पुणे साडेतीनशे किलोमीटर, दुसऱ्या बाजूला बेंगळुरू पाचशे, आणि दोन्हीकडे जाणारा महामार्ग एकच. इन्फोसिस कंपनी १९८१ मध्ये पुण्यात निघाली आणि १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली. तीही आपल्या दारावरूनच गेली असणार, असे आमचे थोरले बंधू अण्णा गमतीने म्हणत.

पुतण्या २०२० च्या मार्चमध्ये पाठीवरच्या पिशवीत संगणक घालून बेंगळुरूहून घरी आला, तो महिनाभरासाठी म्हणून. साथ ओसरली, कचेऱ्या उघडल्या, पण दरम्यान अण्णांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. सकाळी त्यांना उठवून खुर्चीत बसवणे आणि रात्री खुर्चीतून अंथरुणावर नेणे हे वहिनींच्या शक्तीबाहेरचे काम. ते पुतण्या करतो. त्याच्या कंपनीने त्याला येथूनच काम करण्याची मुभा दिली. तीन महिन्यांतून एकदा आठवडाभर तो बेंगळुरूला जाऊन येतो, आणि त्या आठवड्यात गल्लीतील दोन मुले सकाळ-संध्याकाळ येऊन हात देतात. घराची ही घडी अशी एका माणसावर आणि एका सवलतीवर बसलेली आहे. तेव्हा न मागता येणाऱ्या निरोपांकडे आम्ही केवळ गंमत म्हणून पाहू शकत नव्हतो, हे वाचकांच्या ध्यानी येईल.

हे निरोप असतात तरी कसे? त्यांची भाषा ठरलेली. आपली कारकीर्द पाहून आम्ही प्रभावित झालो आहोत. एका अग्रगण्य कंपनीत आपणास साजेशी जागा आहे. सध्याचा पगार, अपेक्षित पगार आणि किती दिवसांत रुजू होऊ शकाल ते कळवावे. कंपनीचे नाव नसते. पगाराचा आकडा नसतो. मुलाचे नाव-गाव न सांगता मुलीची पत्रिका आणि वडिलांची मिळकत विचारणाऱ्या मध्यस्थाला आपल्या आजीने सोप्याची पायरी चढू दिली नसती. या मंडळींना रिक्रूटर म्हणतात. वहिनी त्यांना मध्यस्थच म्हणतात, आणि आम्हांलाही तोच शब्द नेमका वाटतो.

एक गमतीची गोष्ट येथेच सांगून टाकतो. बेंगळुरूचा मध्यस्थ पत्त्यात ‘कर्नाटक’ पाहून कन्नडमध्ये सुरुवात करतो, पुण्याचा आडनाव पाहून मराठीत. पुतण्याला दोन्ही भाषा सारख्याच येतात, त्यामुळे दोघांनाही तो आपला वाटतो. सीमेवरच्या माणसाला दोन्ही बाजूंनी ‘आपला’ म्हणण्याचा प्रसंग एरवी फारसा येत नाही. तो या धंद्याने आणला, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

उत्तराच्या बाबतीत घरात तीन मते होती. सुनेचे म्हणणे, प्रत्येकाला दोन ओळी लिहाव्यात. कोण कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. वहिनींचे म्हणणे, दारात आलेल्याला निदान पाणी तरी विचारावे. पुतण्याचे मत असे की, ज्याने शंभर जणांना एकच मजकूर पाठवला, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य उरत नाही. मत तिघांचेही खरे होते, पण पुतण्याचे मौन वेगळे होते. तो उत्तर देत नसे आणि निरोप पुसूनही टाकीत नसे. ते तसेच साठत. रात्री अण्णांना अंथरुणावर घातल्यावर तो ओसरीच्या कट्ट्यावर बसून ते पुन्हा वाचताना दिसे. दीडपट पगाराचा निरोप वाचून माणूस जागेवरून हलला नाही, तरी आतून थोडा हलतोच. आणि त्याचा फोन वाजला की आतल्या खोलीत अण्णांचे कान टवकारत. घरातले सगळे एकमेकांच्या मनातले ओळखून होते आणि कुणीच बोलत नव्हते. एके दिवशी वहिनीच म्हणाल्या, “हो म्हणून सांग, न्हाईतर नको म्हणून सांगून सोड की एकदा. टांगून कशाला ठेवालास?” तेथून आम्ही हा विषय गांभीर्याने घेतला.

प्रथम त्या मध्यस्थाचा धंदा समजून घेतला. यातले काही कंपनीचे स्वतःचे नोकर असतात, काही बाहेरच्या संस्थांचे. बाहेरच्या संस्थेला माणूस रुजू झाल्यावर मोबदला मिळतो, आणि आपल्याकडे तो बहुधा वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सरळ एका महिन्याच्या पगाराइतका असतो. तो देते कंपनी. उमेदवाराने द्यावयाचा नसतो. तिसरा प्रकार कंत्राटी माणसे पुरवणाऱ्यांचा. येथे नोकरी त्यांच्या पटावर आणि काम तिसऱ्याच्याच घरी. तिघांच्याही हातात शोधाचे यंत्र असते. त्यात दोन-चार शब्द घातले की ते शब्द ज्यांच्या माहितीत आहेत त्या शेकडो जणांची नावे खाली पडतात. नौकरी डॉट कॉम १९९७ मध्ये सुरू झाले, लिंक्डइन २००३ मध्ये. तेथे आपण आपली माहिती आपल्याच हाताने लिहून ठेवलेली असते. लिंक्डइनवर अनोळखी माणसाला पत्र पाठवण्यासाठी रिक्रूटरला मोजकीच तिकिटे मिळतात, आणि नव्वद दिवसांच्या आत उत्तर आले तर ते तिकीट त्याला परत मिळते. उत्तर नकाराचे असले तरीही. पूर्वीच्या जोडकार्डाची आठवण व्हावी, असा हा प्रकार. आपल्या एका ‘नको’नेही समोरच्याचे थोडे भले होते, हे कळल्यावर वहिनींच्या मताला घरात अचानक वजन आले.

मग त्यांच्यावर रागवावे का? आम्ही तसे म्हणणार नाही. त्याला कारण अमेरिकेत घडलेला एक प्रकार. ॲपल, गुगल, इंटेल, अ‍ॅडोबी अशा बड्या कंपन्यांनी आपापसांत गुपचूप ठरवले होते की, एकमेकांच्या माणसांना असे न मागता निरोप पाठवायचे नाहीत. २००७ मध्ये गुगलच्या एका भरती करणाऱ्या व्यक्तीने ॲपलच्या अभियंत्याला असा निरोप पाठवला, तेव्हा स्टीव्ह जॉब्स यांनी थेट गुगलच्या प्रमुखांकडे तक्रार केली आणि त्या व्यक्तीची नोकरी गेली. २०१० मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने अशा करारांवर बोट ठेवले. पुढे सुमारे चौसष्ट हजार कर्मचाऱ्यांच्या वतीने दावा चालला आणि २०१५ मध्ये ४१.५ कोटी डॉलरची तडजोड न्यायालयाने मान्य केली. कर्मचाऱ्यांचे म्हणणे साधे होते. असा निरोप येतो तेव्हाच आपली बाजारातली किंमत आपल्याला कळते. निरोप बंद केले की पगारही दबून राहतात. ज्या गोष्टीला आपण जेवणाच्या वेळची कटकट म्हणतो, ती बंद पाडण्यासाठी जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांना कट करावासा वाटला! याचा अर्थ त्या कटकटीत नोकरी करणाऱ्याचे काही हित आहे. न आलेल्या स्थळांपेक्षा आलेली आणि नाकारलेली स्थळे बरी, असे जुन्या बायका म्हणत, त्यात हेच शहाणपण होते.

पण मध्यस्थ म्हटला की दुसरी बाजूही आलीच, आणि ती आपल्या लोकांनी चांगली भोगलेली आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत कोकणातून आणि देशावरून माणसे गेली, ती बहुतेक जॉबरच्या हाताने. तोच कामावर घेई, तोच काढी, आणि दोन्हीसाठी दस्तुरी खाई. १९३१ च्या अहवालात व्हिटले आयोगाने भरतीचे काम जॉबरच्या हातून काढून घ्यावे, अशी शिफारस केली, त्यामागे हाच अनुभव होता. ऊसतोडीचा मुकादम आजही हंगामाआधी गावात येतो, जोडप्याच्या हातावर उचल ठेवतो, आणि ती फिटेपर्यंत त्या जोडप्याचे पाय बांधले जातात. आमच्या वडगावात घरोघरी माग होते तेव्हाची गोष्ट अण्णा सांगत. एका मालकाचा विणकर दुसऱ्याला हवा असेल, तर आधी पहिल्याची उचल फेडावी लागे. धोटा चालवणाऱ्या हाताची किंमत त्याच्या कर्जावरून ठरे. नव्या नोकरीत रुजू होताना मिळणारी घसघशीत रक्कम, आणि वर्षाच्या आत सोडल्यास ती परत करण्याची अट, हे सुनेने पहिल्यांदा वाचून दाखवले तेव्हा अण्णांनी एकच शब्द उच्चारला, “उचल.” झटक्यानंतर त्यांचे बोलणे जड झाले आहे, पण नेमकेपणा गेलेला नाही.

तरीही फरक मोठा आहे. जॉबरला नको म्हणण्याची मुभा त्या गिरणी कामगाराला नव्हती. आमच्या पुतण्याला ती आहे, निदान आज आहे. हे ‘आज’ जपून वापरावे लागते. २०२१-२२ मध्ये या धंद्यात माणसांची एवढी ओढाताण चालली होती की, जून २०२२ अखेर इन्फोसिसमधील नोकरी सोडणाऱ्यांचे वार्षिक प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेले होते. त्या दिवसांत आमच्याकडे आठवड्याला सात-आठ निरोप येत. पुढे वारे फिरले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार माणसे, म्हणजे आपल्या मनुष्यबळातील दोन टक्के, कमी करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हा निरोप आठवड्याला एखाददुसराच उरला होता. ओळखीच्या एका मुलाची नोकरी अशीच गेली, आणि त्याने चार वर्षांपूर्वीचे न उघडलेले निरोप एकेक करून उघडायला घेतले. बहुतेक मध्यस्थ तोवर धंदा बदलून गेले होते. ज्या दोघा-तिघांना त्याने कधी काळी सभ्यपणे नकार दिला होता, त्यांनी मात्र त्याचा फोन उचलला. सुनेचे मत आम्हांला त्या दिवशी पटले.

आता एक गोष्ट निक्षून सांगावयाची आहे, आणि ती आईबापांसाठी आहे. सांगून आलेली प्रत्येक नोकरी ही नोकरी असतेच असे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर इशारा दिला होता की, थायलंडमध्ये संगणकाचे काम देतो म्हणून आपल्या शिकलेल्या मुलांना बोलावून सीमेपलीकडे म्यानमारमध्ये नेले जाते आणि तेथे डांबून त्यांच्याकडून फसवणुकीची कामे करून घेतली जातात. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांतून परत आणावे लागले. त्यांनाही निरोप फोनवरच आला होता, गोड भाषेत. परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने नोंदणी सक्तीची केली आहे, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या शुल्काला, कर सोडून, ३०,००० रुपयांची मर्यादा घातलेली आहे. देशातल्या नोकरीसाठी तर एक रुपयाही द्यावयाचा नाही; प्रशिक्षणाचा नाही, कागदपत्रांचा नाही, संगणक घरी पाठवतो म्हणून अनामतीचाही नाही. पैसे मागितले की बोलणे तेथेच संपले. येथे पाणी विचारण्याचे कारण नाही, हे वहिनींनाही मान्य झाले.

उरला प्रश्न प्रामाणिक मध्यस्थांचा. येथे आम्हांला अण्णा कामाला आले. आपल्या पाच बहिणींची आणि तितक्याच चुलत बहिणींची लग्ने जमवताना घरातला पत्रव्यवहार त्यांनी सांभाळला होता. स्थळाला उत्तर कसे द्यावे याचे त्यांचे काही दंडक होते. उत्तर आठ दिवसांच्या आत जावे, कारण तोवर समोरचा दुसरीकडे बोलत नाही. नकार असेल तर पहिल्या दोन ओळींत यावा. कारण सांगायचेच असेल तर ते माणसाचे नसावे, योगाचे असावे. ‘पत्रिका जुळत नाही’ या वाक्याने आपल्या समाजातील किती मुलींचा आणि मुलांचा मान राखला असेल, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. आणि जेथे होकार आपण केव्हाच देणार नाही, तेथे ‘विचार करून कळवतो’ असे लिहू नये. त्याने दोन घरे टांगून राहतात.

या शेवटच्या दंडकाने आमचा गुंता सुटला. पुतण्याला उत्तर लिहिता येत नव्हते, ते त्याला इंग्रजी कमी पडत होते म्हणून नव्हे. आपल्याला काय हवे, हेच त्याने कधी स्वतःशी बोलून ठरवले नव्हते. प्रत्येक निरोप तो निराळा प्रश्न म्हणून वाचे आणि प्रत्येक वेळी पहिल्यापासून विचारात पडे. तेव्हा एका रविवारी दुपारी, जेवणे झाल्यावर, आम्ही सगळे सोप्यात बसलो आणि ते एकदाच ठरवले. कोणत्या अटीवर जागा बदलायची आणि कोणत्या अटीवर कधीच नाही, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले. बोलताना तो आमच्याकडे पाहत नव्हता, जमिनीकडे पाहत होता. बेळगाव सोडायचे नाही, हे त्याने पहिल्यांदा मोठ्याने म्हटले. वहिनी उठून आत गेल्या. त्यांनी चहा ठेवला असावा, कारण थोड्या वेळाने चहा आला.

मग उत्तराचा मसुदा झाला. ज्याच्या निरोपात पुतण्याच्या कामाविषयी एकही नेमके वाक्य नाही, त्याला उत्तर द्यावयाचे नाही. ते पत्र नव्हे, वाटलेले पत्रक होय. ज्याने एवढे तरी कष्ट घेतले आहेत, त्याला आठ दिवसांच्या आत पाच ओळी. निरोपाबद्दल आभार. मी बेळगावातून काम करतो आणि पुढेही येथूनच करीन. तीन महिन्यांतून एक आठवडा कचेरीत येऊ शकेन. ही अट मान्य असल्यास कंपनीचे नाव, कामाचे स्वरूप आणि पगाराची मर्यादा कळवावी. त्यानंतर माझी माहिती पाठवीन. मान्य नसल्यास आपला वेळ घेत नाही. सध्याचा पगार सांगावयाचा नाही, असे सुनेने ठरवले. तो सांगितला की नव्या पगाराचे माप जुन्या पगाराने घेतले जाते, असे तिचे म्हणणे. नोकरी सोडताना अनेक मोठ्या कंपन्यांत नव्वद दिवस आधी कळवावे लागते, तेही तिने शेवटी घालायला लावले, म्हणजे उद्या रुजू व्हा म्हणणारे आपोआप गळतात. आणखी एक नियम तिचाच. नेमणुकीचे पत्र हातात पडून त्यावरील तारीख आणि सही तपासल्याशिवाय राजीनामा लिहायचा नाही. तिच्या एका मैत्रिणीने केवळ फोनवरच्या शब्दावर राजीनामा दिला होता. पुढे ती जागाच रद्द झाली.

पहिल्या मसुद्यात एक ओळ अधिक होती. ‘घरच्या अडचणीमुळे मला बेळगाव सोडता येत नाही’, अशी. सभ्य ओळ होती, खोटीही नव्हती. मसुदा सवयीने अण्णांना दाखवला. घरातले कोणतेही पत्र त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय टपालात पडले नाही, ती रीत. त्यांनी तो कागद मांडीवर घेतला, बराच वेळ वाचला, डाव्या हाताने पेन्सिल मागितली आणि ती ओळ खोडली. रेघ वाकडी गेली, खालच्या ओळीत शिरली. मग प्रयासाने म्हणाले, “अडचण नव्हे. मी अडचण नव्हे.”

कुणी काही बोलले नाही. पुतण्याने मसुदा घेतला आणि ती ओळ वगळून पुन्हा लिहून काढला. कारण नसलेले ते पत्र आधीच्यापेक्षा चांगले झाले होते, आणि केवळ लेखनाच्या दृष्टीने नव्हे. अडचण सांगितली की समोरचा ती सोडवायला बसतो. बेंगळुरूत चांगली रुग्णालये आहेत, वडिलांना इकडेच आणा, असे सुचवतो. तशी सूचना पूर्वी एकाने खरोखरच केली होती, सद्भावनेने. ‘मी येथे राहतो’ या वाक्याला मात्र कुणी उपाय सुचवीत नाही. आपल्यासारखी घरे या भागात चार-चार, पाच-पाच पिढ्या आहेत. कुणाचा पणजा पटवर्धनांच्या सांगली संस्थानातील शहापुरास कारकुनीला आला, कुणी पलटणीबरोबर आला, कुणी मागावर. तेही सगळे कुणाच्या तरी सांगण्यावरूनच येथे आले असणार. आल्यावर त्यांनी राहण्याची कारणे कुणाला दिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पत्र जाऊ लागल्याला आता वर्ष होत आले. परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. दहांतील आठ-नऊ जण त्यानंतर गप्प होतात. टांगून ठेवणारे मौन होते, ते आता त्यांच्या बाजूला गेले. ओसरीच्या कट्ट्यावरचे रात्रीचे वाचन थांबले. पगार दीडपट झाला नाही. फोन वाजला तर अण्णा पूर्वीसारखे कान देत नाहीत, किंवा देत असतील तर दाखवीत नाहीत.

पुण्याच्या एका बाईंनी मात्र गेल्या पावसाळ्याआधी त्या पाच ओळींना उत्तर दिले होते. तुमची अट आमच्या कंपनीला चालणारी नाही, पण स्पष्ट लिहिल्याबद्दल आभारी आहे, नोंद करून ठेवते, असे. अशी नोंद कोण ठेवतो, असे आम्ही म्हटले. या आषाढात त्यांचेच पत्र आले. कंपनी दुसरी, काम घरूनच, कंपनीचे नाव पहिल्याच ओळीत. बोलण्यासाठी त्यांनी दिलेला दिवस नेमका मंगाईच्या यात्रेचा निघाला. यात्रेच्या दिवशी वडगावात फोनवर बोलणे कुणाला ऐकू येणार? पुतण्याने दोन दिवस पुढची वेळ मागून घेतली. बाईंनी ती दिली आणि यात्रा कसली म्हणून विचारलेही.

रात्री अण्णांना खुर्चीतून उठवताना त्याने हे सगळे त्यांना सांगितले. अण्णांनी विचारले, “पगाराचा आकडा?”

“सांगितलाय त्यांनी, आधीच.”

“मग बोल की.”